'शेतकरी' या शब्दाचा अर्थ

ममता बनसोड दारव्ह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची आणि यवतमाळहून निघणाऱ्या 'दैनिक अडाणकाठ'मध्ये रोज एक शब्द लिहायची. दुसऱ्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, तळहाताएवढी चौकट. संपादक अवधूतरावांनी चौकटीचं नाव ठेवलं होतं 'चिमूटभर शब्द'. चौकट लहान, पण तिचा वाचकवर्ग मोठा. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार काहून म्हणतात, टमाट्याला भेदरं हे नाव कुठून आलं, दारव्ह्यावरून धापा टाकत जाणारी शकुंतला रेल्वे मुळात माणसांसाठी नव्हे तर कापसाच्या गाठींसाठी कशी घातली गेली, मराठीतलं अगदी जुनं गद्य याच वऱ्हाडच्या मातीत कसं लिहिलं गेलं, असं काहीबाही ती लिही. स्पर्धा परीक्षेची पोरं कात्रणं चिकटवून ठेवत. बसस्टँडवरचा पानवाला तिला पाहून म्हणे, "मॅडम, उद्या काय?"

तिला या कामाचा नाद होता, आणि नादामागे एक जुना राग होता. चौथीत असताना "गुरुजी, मले समजलं नाही" म्हटलं म्हणून तिला वर्गासमोर उभं केलं होतं. 'मला' म्हणेपर्यंत बसायचं नाही. तिचे वडील धम्मदीक्षा घेतलेल्या घरातले, शिक्षणाला देव मानणारे नव्हेत, पण देवाच्या जागी ठेवणारे. त्यांनी घरी आल्यावर सांगितलं, "मला म्हनत जाय शाळेत. पन मले चूक नाही, येवढं ध्यानात ठेव." पुढे एम.ए. करताना ममताला कळलं की वडिलांचंच बरोबर होतं. तेव्हापासून शब्दांच्या बाजूनं बोलायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

ते कापसाचे दिवस वाईट होते. दोन हजार सहा साल. भाव पडलेला, बियाण्याची पाकिटं महाग, आणि खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग पार नाक्यापर्यंत. 'अडाणकाठ'च्या पहिल्या पानावर जवळजवळ रोज एका गावाचं नाव यायचं आणि त्याखाली जीव दिलेल्या एका माणसाचं. ममता ते वाचायची, मग ती पान उलटून आपली चौकट बघायची. छपाईत काना-मात्रा चुकलाय का ते. पहिल्या पानाबद्दल आपण काय लिहिणार, आपलं काम शब्दांचं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

पोळ्याच्या सुमारास तिनं 'शेतकरी' हा शब्द घेतला. मोठ्या आनंदानं लिहिला होता तो. शेत म्हणजे क्षेत्र, आणि 'करी' म्हणजे करणारा किंवा करणारी. कष्टकरी बाई असते, कष्टकरी बुवा असतो, तसंच हे. "हा शब्द बाई-माणूस बघत नाही," तिनं शेवटी लिहिलं, "वावर कुणाच्या मालकीचं आहे हेही विचारत नाही. जो करतो तो शेतकरी. जी करते ती शेतकरी." वाचकांना आवडलं. पोस्टातल्या एका बाईनं मुद्दाम थांबवून शाबासकी दिली.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी तोच कागद ममताच्या घरी परत आला. आणणाऱ्या बाईचं वय पंचेचाळिशीचं, पदर डोक्यावरून घेतलेला, खांद्याला कापडी पिशवी. कळंबहून आले म्हणाली. तिथे गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं. नाव विमल, पण सगळे विमलताई म्हणत. ती पाणी प्यायली, पिशवीतून कात्रण काढलं आणि ममतासमोर धरलं.

"हे तुमीच लिवलं न, ताई?"

"हो. मीच."

"हे खरं हाय का?"

ममता हसली. वाचक असं विचारतात, त्याची तिला सवय होती. "म्हणजे? शब्द खरा आहे की व्युत्पत्ती?"

"मले ते नाई समजत. इथं लिवलं हाय, जी करते ती शेतकरी. ते खरं हाय का, येवढं सांगा."

आवाजात असं काही होतं की ममताचं हसू विरलं. तिनं विमलताईला खुर्चीवर बसवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

विमलताईची धाकटी बहीण कौसल्या. दिली होती बोरगव्हाणला, दारव्ह्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. तिचा नवरा रोशन लग्नानंतर थोड्याच वर्षांत बुटीबोरीच्या कारखान्यात गेला, सणावाराला यायचा. सासू आधीच वारलेली. सासरे नागोराव गुडघ्यांनी बसलेले. वावर सगळं कौसल्याच्या अंगावर. पेरणीला माणसं तीच बोलवायची, कोळपणीच्या डवऱ्यामागं तीच, निंदणाला बायांच्या पुढं तीच. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, फवारा मारायचा तर पाठीवर पंप तीच घ्यायची. त्या वर्षी बोंडं धरली आणि पावसानं काळी पडली. दसऱ्यानंतर एका दुपारी कौसल्यानं स्वतःचा जीव संपवला. मागं तेरा वर्षांची आभा.

"मंग सरकारी मदतीचे कागद झाले," विमलताई म्हणाली. "चौकशीले आले. समिती बसली मने. तिथून सांगतलं, अपात्र. काहून, तं ती शेतकरी नवती. सातबारा सासऱ्याच्या नावानं. तिच्या नावापुढं लिवलं, गृहिनी."

तिनं कात्रण मांडीवर सपाट केलं.

"पैसे आले असते तं पोट्टीच्या कामी आले असते, नाई नाई म्हनत मी. पन ताई, मले राग त्याचा नाई. माही बहीन घरात फक्त निजाले जाये. तिले गृहिनी म्हनलं त्याइनं. मी कचेरीतल्या बाबूले हे कात्रन दाखवलं. म्हनलं, पेपरात छापून आलं हाय, जी करते ती शेतकरी. तो हासला. बाजूच्याले दाखवलं. तोई हासला." तिनं कात्रणाची घडी पुन्हा घातली. "म्हनून तुमाले विचाराले आली. तुमी खोटं लिवलं असन तं तसं सांगा. मी उगीच भांडली मंग."

आपण लिहिलेलं कुणी चहासोबत वाचतं, हे तिला माहीत होतं. आपण लिहिलेलं घेऊन कुणी सरकारी टेबलापाशी उभं राहील, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि तिथं ते दोघं हसले. शब्दाला हसले, की विमलताईला, की त्या मेलेल्या बाईला?

"खोटं नाही लिवलं मी," ती म्हणाली. बोलता बोलता तिची भाषा आपोआप घरच्यासारखी झाली. "उद्या सोमवार हाय. मी येतो तुमच्यासंगं."

सोमवारी सरकारी कचेरीत त्यांना क्षितिज नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याकडे पाठवलं. तो नुकताच बदलून आला होता. शर्ट इस्त्रीचा, बोलणं मऊ. ममताचं नाव ऐकताच तो उठून उभा राहिला.

"चिमूटभर शब्दवाल्या मॅडम? अहो, मी रोज वाचतो. मी कोकणातला, मला इथले शब्द तुमच्यामुळेच कळले. ते भेदरं तर आमच्या घरी सगळ्यांना पाठ झालंय."

त्यानं चहा सांगितला. विमलताई खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. ममतानं विषय काढला. क्षितिजनं फाईल मागवली, पानं उलटली, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला.

"मॅडम, भाषेच्या दृष्टीनं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे."

"मग चूक कुठे आहे?"

"चूक नाही. व्याख्या आहे. शेतकरी म्हणजे ज्याच्या नावे जमीन आहे ती व्यक्ती. या बाईंच्या नावे जमीन नाही."

"जमीन नागोरावांच्या नावे आहे. ते कित्येक वर्षं वावरात गेलेले नाहीत. ते शेतकरी?"

"कागदोपत्री, हो."

"आणि जी पेरत होती, निंदत होती, वेचत होती, ती?"

क्षितिजनं फाईलकडे पाहिलं. "इथे गृहिणी लिहिलंय."

"लिहिलं कुणी? तिला विचारून लिहिलं?"

"तसा एक रकाना असतो, मॅडम. बायकांच्या बाबतीत साधारण तेच लिहितात. त्यात अपमान करायचा हेतू नसतो."

विमलताई तोवर ऐकत होती. ती म्हणाली, "साहेब, वावरातून तिले उचलून आनलं. पायाले चिखल होता. गृहिनीच्या पायाले चिखल असते का?"

त्यानं फाईल मिटली. मग ममताकडे वळून म्हणाला, "तुम्ही यावर लिहा ना मॅडम. फार छान विषय आहे तुमच्या सदराला."

छान विषय. ममता चहा न घेताच उठली. त्या हसणाऱ्या बाबूपेक्षा हा गोड बोलणारा तिला जास्त टोचला. त्याला तिचा प्रत्येक शब्द आवडत होता. फक्त त्या शब्दाला काही अर्थ असेल आणि तो अर्थ कुणाला लागू होत असेल, ही गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. सांबार, भेदरं, शेतकरी. सगळं एकाच ताटलीत.

घरी येऊन तिनं दुसऱ्या दिवशीची चौकट लिहायला घेतली. वर शब्द घातला: 'गृहिणी'. खाली लिहिलं की हा शब्द घराशी बांधलेला आहे; जिचं जग घर, ती गृहिणी. मग लिहिलं: "या सदरात आम्ही पूर्वी सांगितलं होतं की जी शेत करते ती शेतकरी. कचेरीत चौकशी केल्यावर कळलं की ती आमची चूक होती. वाचकांनी दुरुस्ती करून घ्यावी. जिच्या नावे कागद नाही ती पेरो, डवरो, निंदो, वेचो, फवारो, आणि त्याच वावरात मरो, ती गृहिणीच असते. बोरगव्हाणच्या कौसल्याबाई अशाच एक गृहिणी होत्या." तेवढंच. एकही शब्द जास्तीचा नव्हता. तिनं यवतमाळला फॅक्स केला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच छपाईची वाट अधीरपणे पाहिली.

सकाळी कॉलेजात जाताना पानवाल्यानं हात केला. "मॅडम, आज तोंडाले पानी आनलं तुमी."

तिनं त्याच्या हातातला पेपर घेतला. दुसरं पान, खालची चौकट. वर सदराचं नाव नेहमीसारखं. शब्द होता 'गुलाबजाम'. गुलाब हा शब्द फारसीतून आला, जाम म्हणजे आपलं जांभूळ, तेव्हा नव्या वर्षाच्या स्वागताला हा फारसी-भारतीय मिलाफ जरूर चाखा. खाली, प्रा. ममता बनसोड.

ती तिथेच उभी राहिली. तिनं ती चौकट पुन्हा एकदा वाचली. दुपारी स्टाफरूममधल्या फोनवर विमलताईचा फोन आला, कळंबच्या एसटीडी बूथवरून.

"ताई, पेपर पायला. आज तं गुलाबजाम आला."

"ते मी नाही लिवलं, विमलताई."

"तुमचं नाव हाय त्याच्याखाली," विमलताई एवढंच म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. फोन ठेवल्यावर ममताला वाटलं, तिनं दोष दिला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशीचे राहिलेले तास तिनं सोडले आणि थेट यवतमाळची बस धरली. 'अडाणकाठ'च्या कचेरीत अवधूतराव प्रूफं बघत बसले होते. साठीचे, अंगानं भरलेले, सगळ्यांशी जिव्हाळ्यानं बोलणारे. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"ये ममता, बस. मला माहीत होतं तू येशील."

"माझ्या नावाखाली दुसऱ्याचं छापलंत."

"घाईचा प्रसंग होता गं. पान सोडायचं होतं. तुझं नाव काढलं असतं तर वाचकांनी विचारलं असतं."

"मग माझंच छापायचं होतं."

अवधूतरावांनी सुस्कारा सोडला. "हे बघ. तुझ्या मजकुरातलं एक अक्षर खोटं नाही, मान्य. पण ती चौकट त्यासाठी नाही. पहिल्या पानावर रोज मरण छापतोच ना आपण? माणूस ते वाचतो, हळहळतो, मग दुसऱ्या पानावर जरा विसावतो. तुझा शब्द म्हणजे त्याचा विसावा. तिथंही तू मरण आणलंस तर तो जाईल कुठं?"

"पहिल्या पानावर तुम्ही कौसल्याबाईंचं नाव छापलं होतं?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "ती बातमी शेतकऱ्यांच्या यादीत आली नव्हती आपल्याकडे."

"म्हणजे पहिल्या पानावर ती शेतकरी नाही म्हणून नाही, आणि दुसऱ्या पानावर विसावा बिघडतो म्हणून नाही. तिनं यायचं कुठं, अवधूतराव?"

"तू चिडली आहेस."

"हो. चिडले आहे. चार वर्षं मी तुमच्या वाचकांना शब्द चघळायला दिले. मला वाटत होतं मी भाषेचं काम करते आहे. मी बडीशेप वाटत होते."

अवधूतरावांचा चेहरा जरा उतरला. पण आवाज समजुतीचाच होता. "सरकारी जाहिराती बंद झाल्या तर हा पेपर महिनाभर चालणार नाही, हे तुला ठाऊक आहे. बावीस माणसांची चूल आहे इथं. तू उद्या नेहमीसारखा शब्द पाठव. हे आपण विसरून जाऊ."

"माझं नाव काढा चौकटीवरून," ममता म्हणाली. "आजपासून."

"सदर बंद नाही होणार," ते हळूच म्हणाले. "कुणीही लिहील."

तसंच झालं. दोन दिवसांनी चौकटीखाली दुसरं नाव आलं. शब्द होता 'पतंग'. त्यात एक ढळढळीत चूक होती आणि कुणाच्याही लक्षात आली नाही. पानवाला आता तिला "उद्या काय?" असं विचारायचा थांबला. ममताला हे लागलं नाही असं म्हणता येणार नाही. चार वर्षं रोज सकाळी आपलं नाव छापलेलं बघायची सवय झालेली असते. पण त्या हळहळीपेक्षा तिचा राग मोठा होता. गुलाबजामाची बातमी देतानाचा विमलताईचा तो सपाट आवाज तिच्या डोक्यातून जात नव्हता.

जानेवारीत बोरगव्हाणला ग्रामपंचायतीनं शोकसभा ठेवली. त्या हंगामात गेलेल्या शेतकऱ्यांची नावं वाचायची, दोन मिनिटं उभं राहायचं, असा कार्यक्रम. तालुक्याहून कुणी मोठी माणसं येणार होती, ती आली नाहीत. ममता विमलताईबरोबर जीपनं गेली. जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसलेली, मागं कापसाचं एक गाठोडं, त्यावर आणखी एक बाई. रस्त्यानं दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या वाळून काळ्या उभ्या होत्या, अधूनमधून एखाद्या बोंडाला कापूस चिकटून राहिलेला.

शाळेसमोरच्या मैदानात सतरंज्या टाकल्या होत्या. पुढे माणसं, मागे बाया. आभा आजोबांजवळ बसली होती, दोन वेण्या, शाळेचाच निळा फ्रॉक. नागोराव काठी आडवी ठेवून खाली बघत होते. सरपंच बबनराव उभे राहिले. खादीचा झब्बा, गळ्यात उपरणं. माणूस वाईट नव्हता. गावात कुणाचं अडलं तर धावून जाणारा होता. त्यांनी खिशातून कागद काढला आणि नावं वाचायला सुरुवात केली. "दिवंगत शेतकरी," असं म्हणून एकेक नाव. चार नावं झाली. त्यांनी कागद मिटला.

विमलताई उभी राहिली. "कौसल्याचं नाव राहिलं."

"बाई, बसा तुमी," बबनराव नरमाईनं म्हणाले. "तिच्यासाठी बी श्रद्धांजली हायच. पन ही यादी तालुक्याहून आली. यादीत शेतकऱ्याइचीच नावं हायत."

मैदानात कुजबूज झाली. ममताला वाटलं, आता बोलायचं ते आपणच. ती उभी राहिली, आपलं नाव सांगितलं, आणि तिच्याही नकळत वर्गात बोलावं तसं बोलू लागली. "शेतकरी हा शब्द शेत आणि करी या दोन भागांनी झाला आहे. करी म्हणजे..."

"बाई," मागून एक म्हातारी म्हणाली, "ते राहू द्या. आमाले ठाव हाय शेतकरी कोन. त्याइले नाव घ्याले सांगा."

बायांमध्ये हसू पसरलं, पण ते कचेरीतल्यासारखं नव्हतं. ममताही क्षणभर ओशाळली. मग तिनं तो धडा सोडून दिला आणि बबनरावांना सरळ विचारलं, "सरपंच, तुमी या गावचे. विमलताई म्हनते, तुमच्या वावराच्या धुऱ्याले कौसल्याबाईचं वावर लागते. तुमी सांगा. त्या वावरात डवऱ्यामागं कोन चालत होतं?"

बबनराव गोंधळले. "ती चालत होती. सारं गाव जानते."

"मग यादी करनाऱ्याले ठाव नाही. तुमाले तं ठाव हाय. त्याचं आयकून तुमी आपल्या डोळ्यांनी पायलेलं खोटं ठरवता?"

"मॅडम, माह्या हातात काय हाय? मी काही समिती नाई."

"समिती पैसे देते. नाव घेनं तुमच्या हातात हाय. हे गाव तुमचं हाय, हे मैदान तुमचं हाय, आन तोंड बी तुमचंच हाय." तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणावा असं तिला वाटत नव्हतं. "जितीपनी तिले राबवून घेतलं. मेल्यावर तिचं काम बी तिच्याजवळून काढून घेऊन राह्यले तुमी."

बबनरावांनी उपरण्यानं कपाळ टिपलं. तेवढ्यात नागोरावांनी काठी टेकली आणि आभाच्या खांद्यावर हात ठेवून कसेबसे उभे राहिले. चौकशी झाली तेव्हा त्यांनी सुनेबद्दल तोंड उघडलं नव्हतं. समितीच्या माणसांनी जमीन कोणाची म्हणून विचारलं, तेव्हा फक्त "माही" म्हणाले होते. विमलताईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं त्याबद्दल.

"बबन," ते म्हणाले, "सातबारा माह्या नावाचा. मले त्याइनं विचारलं, जमीन कोनाची. मी म्हनलं माही. त्याइनं विचारलं नाई, करते कोन. मी बी सांगतलं नाई. मले वाटलं, सून म्हनून ती माह्याच नावात आली." त्यांना दम लागला. "मी वावरात पाय ठेवून लय वरसं झाली. शेतकरी ती होती. माहं निस्तं नाव होतं."

आभा आजोबांकडे बघत होती. मागं कुणी बाई रडायला लागली आणि दुसरीनं तिला गप्प केलं नाही.

बबनरावांनी मिटलेला कागद हातात तसाच धरला होता. त्यांनी तो खिशात ठेवला आणि कागदाशिवाय बोलले. "दिवंगत..." इथं ते अडले. त्यांनी ममताकडे पाहिलं. "शेतकरी म्हनू का शेतकरीन?"

ममतानं विमलताईकडे पाहिलं.

"बाकीच्याइले म्हनलं तेच म्हना," विमलताई म्हणाली.

"दिवंगत शेतकरी कौसल्या रोशन ठाकरे," बबनराव म्हणाले. सगळे उभे राहिले. बाया आधी उठल्या.

दुसऱ्या दिवशी 'अडाणकाठ'मध्ये आतल्या पानावर चार ओळी होत्या: बोरगव्हाणच्या शोकसभेत एका गृहिणीच्या नावावरून काही काळ गोंधळ. ममतानं ती बातमी स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचली आणि पेपर घडी न घालता टेबलावर टाकला. समितीचा निर्णय बदलला नाही. ग्रामपंचायतीचा ठराव आणि पंचवीस-तीस बायांच्या सह्या-अंगठे जोडून पाठवलेल्या अर्जाला क्षितिजसाहेबांचं उत्तर आलं. सभ्य भाषेत, सहानुभूतीपूर्वक विचार करूनही नियमात बसत नाही, असं. त्याची पुढच्याच महिन्यात बदली झाली.

नागोरावांनी मात्र एक केलं. रोशनला बुटीबोरीहून बोलावून घेतलं, घरात बोलणं झालं, आणि फेब्रुवारीत ते आभाला घेऊन गावच्या तलाठ्याकडे गेले, वावरावर नातीचं नाव लावायचं म्हणून. विमलताई कळंबहून आली होती. तिनं ममतालाही बोलावलं. तलाठी कामसू माणूस, पटापट विचारून लिहीत होता. मुलीचं नाव, वय, शिक्षण. वडील? रोशन नागोराव, कारखान्यात. आई?

"मयत," नागोराव म्हणाले. "कौसल्या."

"तिचा व्यवसाय?"

"शेतकरी."

तलाठ्यानं मान न उचलता लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. ममता टेबलाच्या या बाजूला उभी होती. तिला अक्षरं उलटी दिसत होती, पण ती ओळखू येत होती.

"काय लिहिलं ते वाचून दाखवा," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. "गृहिणी. काय फरक पडते मॅडम? आईच्या व्यवसायाचा या कामाशी संबंधच नाही."

"संबंध नाही तर जे सांगितलं ते लिहायला काय हरकत आहे?"

"आता खाडाखोड केली तर वरून परत येते."

"मग नवा कागद घ्या."

तलाठी वैतागला. अर्धं लिहून झालं होतं, बाहेर माणसं खोळंबली होती. त्यानं नागोरावांकडे पाहिलं, म्हातारा काठीवर हात ठेवून बसून होता. विमलताईनं पदर खोचला होता. आभा कागदावरचा तो शब्द वाचत होती.

"नवा कागद घ्या," आभा म्हणाली.

त्यानं पेन खाली ठेवलं आणि कपाटाकडे गेला.